बार्नमधली डॅटसन २४०झेड: आधी सेल्फ मारू नका

इथे ओहायोत १९७२ची डॅटसन २४०झेड, म्हणजे जुनी जपानी स्पोर्ट्स कार, घेतली तेव्हा ती एका बार्नमध्ये वीसेक वर्षं गवताच्या गठ्ठ्यांशेजारी उभी होती, आणि खरं सांगतो, पहिल्याच संध्याकाळी नवी बॅटरी लावून सेल्फ मारायचा जाम मोह झालेला. मारला नाही ते बरं, एअर क्लीनर उघडला तर आत उंदरांनी अख्खा संसार थाटलेला.

आधी गंज बघा. हिचं सहा सिलिंडरचं एल२४ इंजिन दणकट असतं, ते होतं दुरुस्त, पत्रा गेला की खिसा रिकामा. बॅटरी पॅसेंजर साइडला फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) असते, ॲसिड गळून ट्रे आणि त्याच्या खालची फ्रेम रेल (गाडीचा भार पेलणारी पट्टी) खाऊन टाकतं, म्हणून पहिला टॉर्च तिथे मारा. मग कार्पेट उचलून फ्लोअर, हॅचची कड, आणि दरवाज्यामागचा मागच्या चाकाआधीचा कोपरा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर पत्रा आहे, बद्द वाजलं तर नुसतं फिलर, म्हणजे गंज झाकायला भरलेली लुकण. माझ्या गाडीत त्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक लोण्यात जावं तसं आत गेलं!

आता इंजिन. वायरींना नंबर लावून सहाही प्लग काढा (फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगीचा क्रम, १-५-३-६-२-४), प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं) घाला आणि दोन-तीन दिवस विसरून जा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुढच्या बोल्टला २७चा सॉकेट लावायचा आणि हातानेच, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं. अडलं तर अजून ऑइल घाला, दांडा लावून जोर काढू नका. फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदला, व्हॉल्व्ह कव्हर काढून कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) हाताने ऑइल ओता, कारण कोरड्या कॅमची लोब, म्हणजे त्यावरचा उंचवटा, पहिल्या मिनिटातच घासते. नंतर कॉइलची वायर काढून, प्लग न लावताच, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत सेल्फ मारा. आता चालतं.

टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो, ते सगळं काढा (गॅरेजचं दार उघडं ठेवून, आणि सिगारेट वगैरे लांब), रबरी नळ्या तर एकूणएक बदलाच. दोन्ही कार्ब्युरेटरचा पिस्टन बोटाने वर उचलून सोडा, तो सावकाश खाली येऊन टक् असा आवाज आला पाहिजे. अडकत असेल तर खोलून साफ करा आणि वरच्या डॅम्परमध्ये ऑइल घाला, ते हमखास आटलेलं असतं.

इंजिन सुरू झालं म्हणून लगेच गल्लीत चक्कर नको. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर, होज हे सगळं आधी बघा. आणि टायरची नक्षी बघून फसू नका, टायरच्या कडेवर छापलेल्या डॉट नंबरचे शेवटचे आकडे (बनवल्याचा आठवडा आणि वर्ष) वाचा: चारऐवजी तीनच असले तर टायर २०००च्या आधीचा. माझे चारही तीनवाले निघाले, दिसायला अगदी कोरे.