नव्या गाडीचं सर्व्हिसिंग: शोरूमला जा, पण या चुका टाळा

दसऱ्याला गाडी घेतली, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. महिनाभरात फोन येतो, "सर, पहिली फ्री सर्व्हिस ड्यू आहे." काही जण म्हणतात, नव्या गाडीला काय धाड भरलीये? काही जण चावी देऊन मोकळे होतात आणि संध्याकाळी येईल ते बिल भरतात. पहिल्यांची चूक कधीतरी अंगाशी येते, दुसऱ्यांची दरवर्षी.

"तीन हजार किलोमीटरच तर चाललीये"

बऱ्याच पेट्रोल गाड्यांना फ्री सर्व्हिस संपल्यावर १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं वेळापत्रक असतं. त्यातलं "किंवा" लोक वाचतच नाहीत. घर ते भाजी मंडई एवढीच फिरणारी गाडी नीट तापत नाही. ऑइलमध्ये उतरलेली ओल आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, ऑइल लवकर खराब होतं. उद्या इंजिनचं काम वॉरंटीत मागायला गेलात तर आधी सर्व्हिस हिस्टरी उघडली जाते. तिथे एक वर्ष कोरं दिसलं की वाद सुरू.

आणि फ्री म्हणजे फक्त मजुरी फ्री. ऑइल, फिल्टर यांचे पैसे लागतातच, त्यावर भांडू नका.

एस्टिमेट न वाचता सही

खरा खिसा इथे कापला जातो. माझ्या गाडीच्या दुसऱ्या वर्षी, १४,००० किलोमीटरला, वर्कशॉपच्या अ‍ॅडव्हायजरने टॅब पुढे केला: ९,८०० रुपये. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर इथपर्यंत ठीक. खाली इंजिन डिकार्ब (इंजिनात साचलेली काजळी काढणं), थ्रॉटल बॉडी क्लीनिंग (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची सफाई), एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप). मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं आणि म्हटलं, यातलं डिकार्ब कुठल्या पानावर आहे तेवढं दाखवा. तो हसला. "सर, ते रेकमेंडेड आहे." कोणी रेकमेंड केलंय, ते काही सांगेना. बिल ५,१०० झालं. वॉरंटीला काही धक्का लागला नाही, कारण ती पुस्तकातल्या वेळापत्रकावर चालते, टॅबवरच्या यादीवर नाही.

सगळंच थोतांड नसतं. गाडी बरीच चाललीये आणि सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरतंय, तर थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत राहत असाल तर कोटिंगचा विचार करा. ब्रेक ऑइलला मात्र बचतीच्या नादात नाही म्हणू नका. ते हवेतली ओल शोषतं, मग तापल्यावर लवकर उकळतं, आणि वरंधा घाट उतरताना पेडल मऊ पडतं. साधारण २ वर्षांनी बदलायचं असतं, पुस्तकात बघा.

जॉब कार्डवर "जनरल चेकअप"

जॉब कार्ड म्हणजे गाडी देताना तक्रारी आणि करायचं काम लिहितात तो कागद. त्यावर असं मोघम लिहिलं की गाडी धुऊन परत मिळते. तक्रार अशी लिहा: "सकाळी थंड असताना, स्पीडब्रेकरवर, पुढून डावीकडे टकटक." शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा. तेव्हाच नेमका आवाज येत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव! तरी ती ओळ खोडू देऊ नका. वॉरंटी संपल्यावर तोच आवाज वाढला, तर तक्रार मुदतीतच केली होती याचा कागद हातात असतो.

सर्व्हिसनंतर गाडी परत घेताना ती सपाट जागी लावून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल तर जास्तीचं काढायला लावा.

बाहेर हात लावला की वॉरंटी गेली?

सरसकट नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना दंड ठोठावताना म्हटलं होतं की बाहेरच्या गॅरेजला गेला म्हणून अख्खी वॉरंटी रद्द करायची अट घालू नका. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे कोर्टकचेऱ्यांत गेलं. काउंटरवर उभं राहून कायदा शिकवण्यापेक्षा वॉरंटीत असेतो अधिकृत वर्कशॉपलाच जाणं सोपं. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी आधी वाचा.

वायरी कापून हॉर्न, फॉग लॅम्प, कॅमेरा बसवणं मात्र सोडा. इलेक्ट्रिकलचा क्लेम तिथेच अडकतो. वायर न कापता कपलरला (प्लगसारख्या जोडाला) कपलर जोडणारी हार्नेस, म्हणजे तयार वायरिंग, मिळते, ती घ्या. (पावसाळ्यात उंदरांनी वायरी कुरतडल्या तर तो खर्चही वॉरंटीत बसत नाही, विम्यात बसतो का ते पॉलिसीत बघा.)

माझी गाडी आता सहाव्या वर्षात आहे. वॉरंटी संपली तशी कोपऱ्यावरच्या गॅरेजला जाते. ऑइलचा डबा मीच नेतो, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचाच, आणि पावतीवर तारीख-किलोमीटर लिहून घेतो. मेकॅनिकला त्याचं दर वेळी हसू येतं.