टोकन विखुरलेले होते, पण अंदाजापलीकडचे नव्हते
आमच्या संकेतस्थळावरून पासवर्ड बदलण्यासाठी ईमेलने जो दुवा जात असे, त्यातील टोकन, म्हणजे दुवा खरा असल्याची खूण ठरणारा गुप्त संकेत, मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या 'रँडम' मॉड्यूलने तयार करत होतो. साठवलेली माहिती एईएस-२५६ या कूटपद्धतीने कूटबद्ध असल्यामुळे मी निश्चिंत होतो. जुना कोड तपासताना लक्षात आले की हे मॉड्यूल विखुरलेले दिसणारे आकडे बनवणारी मर्सेन ट्विस्टर पद्धत वापरते, आणि तिचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती लागले की पुढचे सर्व आकडे काढता येतात, म्हणजे पुढची टोकनेही ओळखता येतात. मी स्वतःच्या संगणकावर हा प्रयोग केला. ६२५वा आकडा तंतोतंत जुळला, तेव्हा मला खरोखर धास्ती वाटली.

पर्याय निवडताना केवळ प्रमाणकाच्या नावावर विसंबायचे नाही, असे मी ठरवले होते, कारण अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने २००६ साली प्रमाणित केलेले ड्युअल ईसी हे यादृच्छिक, म्हणजे अंदाज न बांधता येणारे, आकडे देणारे जनित्र त्यातील चोरवाटेच्या संशयामुळे वापरू नये, असे तिलाच २०१३ मध्ये सांगावे लागले.

अखेर पायथनच्याच 'सीक्रेट्स' मॉड्यूलमधून ३२ बाइटांचे टोकन घेतले, ज्याची यादृच्छिकता थेट लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नलकडून, म्हणजे तिच्या गाभ्याकडून, येते. जुनी टोकने त्याच रात्री रद्द केली आणि नव्यांना १५ मिनिटांची मुदत घातली.