वीज आली, पण प्रिंटर हरवला : राउटर बंद-चालू झाल्यावरही आयपी पत्ते जागेवर कसे ठेवाल

वीज जाते, वीस मिनिटांनी येते आणि मग संध्याकाळभर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवत राहतो. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरवर चारपैकी एक चौकोन काळा पडलेला असतो. मोबाइलवर नेट झकास चालू असतं, त्यामुळे राउटरवर कोणाचा संशय जात नाही. घोडबंदर रोड असो की कोपरखैरणे, पावसाळ्यात महावितरणची वीज चार वेळा डोळे मिचकावते तेव्हा अशा तक्रारींना ऊत येतो. बिचारा प्रिंटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो, फक्त त्याचा आयपी पत्ता (घरच्या जाळ्यातला त्याचा क्रमांक) बदललेला असतो आणि संगणक त्याला जुन्याच पत्त्यावर शोधत असतो.

यावर बरेच जण राउटरने जुनं सगळं लक्षात ठेवावं म्हणून खटपट करतात. त्याची गरज नाही. ज्या चार-सहा उपकरणांचा पत्ता बदलून चालणार नाही, तेवढ्यांचे पत्ते राउटरच्या सेटिंगमध्ये कायमचे लिहून टाका, म्हणजेच आरक्षित करा. बाकीच्यांना मोकळं सोडा.

राउटर विसरतो म्हणजे नेमकं काय होतं

घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देण्याचं काम राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर करतो. पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो. या मुदतीच्या वाटपाला लीज म्हणतात. कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी बहुतेक घरगुती राउटर रॅममध्ये ठेवतात. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकता येणारी मुक्त प्रणाली) चालवणाऱ्या राउटरमध्येही लीजची फाइल ‘टीएमपी’ फोल्डरमध्ये असते आणि तो फोल्डर रॅममध्येच असतो. वीज गेली की यादी कोरी. वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि तुम्ही स्वतः भरलेली आरक्षणं मात्र फ्लॅश मेमरीत असतात, म्हणून ती टिकतात.

उपकरणं आपला पत्ता विसरलेली नसतात, आणि खरी गंमत इथे आहे. लिव्ह अँड लायसन्सची वही एजंटकडून हरवली, तरी भाडेकरू आपापल्या घरात राहतच असतात. एजंट मात्र तीच खोली रिकामी समजून दुसऱ्याला दाखवू शकतो. मोबाइल आणि लॅपटॉपचं वाय-फाय तुटून पुन्हा जोडलं गेलं की ते सहसा आधीचाच पत्ता मागतात आणि राउटरही बहुधा तोच देऊन टाकतो. अनेक राउटरमध्ये डीएनएसमास्क नावाचा प्रोग्रॅम हे काम करतो. तो उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून (नेटवर्कवरच्या त्याच्या ओळख क्रमांकावरून) गणित करून आयपी निवडतो, त्यामुळे यादी पुसली गेली तरी बऱ्याचदा पूर्वीचाच आकडा निघतो. दहापैकी नऊ वेळा काही बिघडत नाही ते यामुळेच. आणि म्हणूनच दहाव्या वेळी कारण सापडत नाही.

दहावी वेळ साधारण अशी असते. डेस्कटॉप एका छोट्या स्विचला केबलने जोडलेला आहे आणि दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. राउटर मात्र साध्या प्लगवर. वीज गेल्यावर राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, पण डेस्कटॉपची केबल स्विचमध्ये जिवंतच होती, त्याला पत्ताच नाही की मध्ये काही घडलं. तो जुना पत्ता वापरत राहतो. तेवढ्यात दुसरं एखादं उपकरण पत्ता मागायला आलं तर राउटर तोच देऊ शकतो. देण्याआधी डीएनएसमास्क त्या पत्त्यावर पिंग करून (‘कोणी आहे का’ अशी हाक मारून) बघतो, पण विंडोजच्या फायरवॉलने पिंगला उत्तर दिलं नाही, तर त्याला जागा रिकामीच वाटते. मग एकाच पत्त्यावर दोन उपकरणं, आणि दोन्ही रडतखडत चालतात.

यातून मुदतीबद्दलची एक गोष्ट निघते, जी लोक नेमकी उलटी करतात. ‘पत्ते टिकावेत’ म्हणून मुदत सात दिवसांची करून ठेवतात. पण उपकरण नूतनीकरणासाठी राउटरकडे येतं ते निम्मी मुदत संपल्यावर. सात दिवसांची मुदत असेल तर वर सांगितलेला डेस्कटॉप साडेतीन दिवसांपर्यंत गप्प राहू शकतो. मुदत दोन तासांची असेल तर तासाभरात तो पुन्हा यादीत येतो. टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरमध्ये मुदत मुळातच १२० मिनिटं असते, ओपनडब्ल्यूआरटीमध्ये १२ तास. आमच्या मते घरासाठी दोन तास पुरेत.

आधी यादी करा

पत्ता पक्का हवा अशी उपकरणं घरात फार नसतात: प्रिंटर, कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर, नेटवर्कवरची हार्ड डिस्क, होम असिस्टंट (स्मार्ट उपकरणं सांभाळणारा प्रोग्रॅम) चालवणारा छोटा संगणक. आणि पाय-होल (घरभराच्या जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर) असेल तर ते सगळ्यात आधी, कारण घराची सगळी डीएनएस चौकशी, म्हणजे कोणत्या वेबसाइटचा पत्ता काय ही विचारणा, त्या एका पत्त्यावर जाते. तो हलला की पूर्ण घराचं नेट ‘बंद’. मोबाइल, टीव्ही, पाहुण्यांचे लॅपटॉप या यादीत घेऊ नका.

आता प्रत्येकाचा मॅक पत्ता मिळवा. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावर) ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’ असते, तिथे दिसतो. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापता येते, कॅमेऱ्याच्या पाठीवर स्टिकर असतो. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, केबल आणि वाय-फायचे मॅक पत्ते वेगळे असतात. प्रिंटर वाय-फायवर चालतो आणि आरक्षण केबलच्या मॅकवर केलं, तर ते कधीच लागू होत नाही.

दोन, मोबाइलचा खोटा मॅक. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. ओळखायची खूण सोपी आहे: मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. जुना फोन कॅमेरा किंवा स्मार्ट होमचा रिमोट म्हणून भिंतीवर लावला असेल, तर त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘डिव्हाइस मॅक’ निवडा (आयफोनवर ‘प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस’ बंद करा) आणि मगच आरक्षण करा.

तीन, रिपीटर, म्हणजे वाय-फाय पुढे पोहोचवणारा डबा. कोपरखैरणे-घणसोलीच्या रो-हाउसमध्ये तळमजल्यावर राउटर आणि वर दोन मजल्यांवर रिपीटर ही नेहमीची मांडणी. काही रिपीटर मागच्या उपकरणांचा मॅक बदलून पुढे पाठवतात. अशा घरात स्टिकर बघून मॅक लिहू नका. राउटरच्या यादीत जो दिसतो तोच घ्या.

आकडे वाटून घ्या

राउटरचं पान उघडा. जिओफायबरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, इतरांचा बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, राउटरच्या तळाशी छापलेला असतो. (ब्राउझरमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक.) डीएचसीपीच्या पानावर आपोआप वाटायच्या पत्त्यांची सुरुवात आणि शेवट दिलेला असतो. त्यातला शेवटचा आकडा १०० ते १९९ करा. २ ते ४९ आरक्षणासाठी ठेवा: १० ला प्रिंटर, २० ला रेकॉर्डर, २१ पासून पुढे कॅमेरे, असं लक्षात राहील असं वाटप करा. काही कंपन्यांच्या राउटरना आरक्षित पत्ताही वाटपाच्या हद्दीतलाच लागतो. बाहेरचा दिला तर सेव्ह करताना चूक दाखवतात. तिथे हद्द २ ते १९९ करा आणि आरक्षणं खालच्या आकड्यांत ठेवा.

मग ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. टीपी-लिंकमध्ये ते अ‍ॅडव्हान्स्ड, नेटवर्क, डीएचसीपी सर्व्हर या वाटेने सापडतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या लुसी पानावर ‘डीएचसीपी अँड डीएनएस’खाली ‘स्टॅटिक लीजेस’ आहे. मॅक आणि पत्ता भरा, नाव द्या, सेव्ह करा.

सेव्ह केलं की पत्ता लगेच बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. उपकरणाकडे जुनी लीज चालू असते. ते उपकरण बंद करून चालू करा, म्हणजे नवा पत्ता घेईल. विंडोजवर आणखी एक काम उरतं: प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ टॅब उघडा आणि ज्या पोर्टवर खूण आहे त्यावर कोणता पत्ता लिहिलाय ते बघा. तिथे जुनाच आकडा असेल तर ‘अ‍ॅड पोर्ट’मधून नव्या पत्त्याचं ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ तयार करा. बरेच जण आरक्षण बरोबर करतात आणि हे राहून जातं.

राउटर बाजूला ठेवून प्रत्येक उपकरणातच पत्ता हाताने भरला तर? चालतं, पण इंटरनेट कंपनी बदलली आणि नवा डबा १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.२९ वर आला, की हाताने भरलेलं प्रत्येक उपकरण एकाकी पडतं. अपवाद कॅमेऱ्यांचा, आणि त्याचं कारण पुढे आहे. रेकॉर्डरच्या मागच्या पीओई पोर्टना (केबलमधूनच वीजही देणाऱ्या) थेट जोडलेल्या कॅमेऱ्यांना मात्र हात लावू नका. त्यांना पत्ते रेकॉर्डर स्वतः देतो.

वीज आल्यानंतरची पहिली दोन मिनिटं

वीज येते तेव्हा घरातलं सगळं एकदम जागं होतं. कॅमेरा अर्ध्या मिनिटात तयार होतो, राउटरला दीड-दोन मिनिटं लागतात. कॅमेरा पत्ता मागतो, उत्तर येत नाही, मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो, किंवा कारखान्यात ठरलेल्या पत्त्यावर जातो. विंडोज अशा वेळी दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं, पण स्वस्तातली काही उपकरणं विचारतच नाहीत. १६९.२५४ दिसलं की समजायचं, राउटर उशिरा उठला. म्हणून कॅमेऱ्यात तोच आरक्षित पत्ता हाताने भरा आणि राउटरमधलं आरक्षणही ठेवा.

याहून त्रासदायक प्रकार दोन राउटरच्या घरात होतो. कंपनीने दिलेला डबा एक, आणि त्याला जोडलेला तुमचा स्वतःचा दुसरा. दुसऱ्या राउटरची केबल त्याच्या वॅन पोर्टऐवजी (इंटरनेट आत येण्याच्या) लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडण्याच्या) लावली असेल, तर एकाच जाळ्यात दोन डीएचसीपी सर्व्हर होतात. कोण आधी जागा होतो त्यावर उपकरणांचे पत्ते ठरतात. काहींचे १९२.१६८.२९ चे, काहींचे १९२.१६८.० चे, आणि दर वेळी वेगळेच. इथे आरक्षणाने काहीही होणार नाही. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर टाका किंवा त्याचा डीएचसीपी बंद करा. आमची पसंती वेगळी आहे: केबल वॅन पोर्टला लावा, स्वतःच्या राउटरला १९२.१६८.५० असा वेगळा गट द्या आणि घरातली सगळी उपकरणं त्यालाच जोडा. मग कंपनी बदला, डबा बदला, आतलं जाळं जसंच्या तसं राहतं.

राउटर बंदच पडू न देणं

जनरेटर असलेल्या सोसायटीतही तो बहुधा लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता असतो. तुमच्या हॉलमधल्या प्लगला त्याचा उपयोग नाही. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत; अँपिअर यूपीएसचे जास्त असले तरी चालतील, कमी नकोत. खोक्यावरच्या ‘८००० एमएएच’ला भुलू नका, तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे साधारण ३० वॅट-अवर, रूपांतरात जाणारा वाटा वजा करून २५. राउटर ७ वॅट खात असेल तर साडेतीन तास. फायबरचा ४ वॅटचा डबाही त्यावर लावलात तर सव्वादोन तास. आणि वीज गेली त्या क्षणी राउटर रीस्टार्ट झाला तर तो यूपीएस परत करा. त्याचं मुख्य कामच तो करत नाही.

लीज फाइल वाचवायचीच असेल तर

ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांसाठी मार्ग आहे. लीज फाइलची जागा बदलून पेनड्राइव्हवर न्या. राउटरच्या आतल्या फ्लॅशवर नको. लीजमध्ये बदल झाला की ती फाइल पुन्हा लिहिली जाते आणि फ्लॅशचं आयुष्य कमी होतं. बंद होताना फाइलची प्रत घेणारी स्क्रिप्टही लिहू नका, कारण वीज जाते तेव्हा राउटर शिस्तीत बंद होत नाही, ती स्क्रिप्ट चालतच नाही. त्याऐवजी क्रॉनने (ठरावीक वेळी आपोआप काम चालवणारी सोय) तासाला एक प्रत घ्या. आणि पेनड्राइव्ह जोडला जाण्याआधी डीएनएसमास्क सुरू झाला, तर तो रिकाम्या फोल्डरमध्ये नवी फाइल लिहायला लागतो, तेव्हा सुरुवातीचा क्रम तपासा. बाकी सगळं सोडून एकच करायचं, तर ‘ऑथॉरिटेटिव्ह’ ही खूण चालू असल्याची खात्री करा. ती असेल तर यादी पुसली गेली तरी डीएनएसमास्क जुना पत्ता मागणाऱ्या उपकरणाला दुर्लक्षित न करता पुन्हा नोंदवून घेतो.

तपासणी करताना राउटरचं बटण दाबून भागवू नका. डेस्कटॉप आणि नेटवर्कची हार्ड डिस्क रीतसर बंद करा, यूपीएसचं कनेक्शन काढा, डीबीतला (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतला) एमसीबी स्विच खाली करा, दोन मिनिटं थांबा आणि वर करा. पाच मिनिटांनी क्लायंट लिस्ट बघा, एक पान छापा, रेकॉर्डरचे सगळे चौकोन बघा. सगळं जागेवर असेल तर राउटरच्या ‘बॅकअप’ पानावरून सेटिंगची फाइल उतरवून ठेवा, कारण फॅक्टरी रीसेट झाला की आरक्षणंही जातात. मॅक आणि पत्त्यांची यादी कागदावर लिहून डीबीच्या झाकणाला आतून चिकटवा. कंपनीचा माणूस डबा बदलायला येतो तेव्हा ती बॅकअप फाइल नव्या मॉडेलवर चालत नाही, कागद चालतो.