स्लाइड फिल्म: नंदीध्वजाच्या मिरवणुकीपासून पडद्यापर्यंत

स्लाइड फिल्मला, म्हणजे थेट खऱ्या रंगांतलं पारदर्शक चित्र देणाऱ्या फिल्मला, चूक खपत नाही. एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड गेला की पांढरा भाग कोरा, तो परत मिळत नाही. म्हणून मोजायचं ते उजळ भागावरूनच. संक्रांतीला सोलापुरात नंदीध्वजांची (सजवलेल्या उंच काठ्यांची) मिरवणूक टिपताना मानकऱ्यांच्या अंगातल्या पांढऱ्या बाराबंदीवर स्पॉट मीटर (छोट्या भागाचाच उजेड मोजणारं मीटर) धरा आणि मीटर सांगेल त्यापेक्षा दीड स्टॉप जास्त द्या. मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरतं; त्याचंच ऐकलंत तर बाराबंदी राखाडी येईल. सावल्या काळ्या पडतील, पडू द्या.

मे महिन्यात रोल गाडीत ठेवू नका. फ्रिजमधला रोल तासभर बाहेर ठेवून मगच डबी उघडा, नाहीतर दव धरतं. धुलाई ई-६ या स्लाइड फिल्मच्या रासायनिक पद्धतीनेच.

पाहायला ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा, लाइटबॉक्स आणि लूप (भिंग). प्रोजेक्टरमध्ये स्लाइड डोकं खाली, मंद चमकेची इमल्शनची (चित्राच्या थराची) बाजू पडद्याकडे.