किनाऱ्यावरच्या घरासाठी शांत आणि सुटं होणारं कॅबिनेट

'सायलेंट' म्हणून विकली जाणारी कॉम्प्युटरची बरीच कॅबिनेट कोकणच्या हवेला सोसत नाहीत. पुढचा दरवाजा बंद, आतून पत्र्यांना स्पंज चिकटवलेला, हवेला बाजूच्या फटींतून वाट, अशी त्यांची रचना असते. कोरड्या हवेत ती चालते. इथे जून ते सप्टेंबर स्पंज ओल धरून ठेवतो, त्याला बुरशी येते, गोंद सुटतो आणि काही पावसाळ्यांनी पॉलियुरेथेनचा थर भुगा होऊन पंख्यांत जायला लागतो. म्हणून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आवाज कोंडण्यापेक्षा तो मुळातच कमी कसा होईल ते पाहावं. त्यासाठी मोठे, सावकाश फिरणारे पंखे हवेत, मोकळी जाळी हवी आणि स्क्रूड्रायव्हर न शोधता उघडता येणारं कॅबिनेट हवं.

उघडण्यावर एवढा भर मिठामुळे आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि धुळीसकट मदरबोर्डावर बसतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळतो. पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. मग बारीक पिनांच्या मधे खारट पाण्याचा थर तयार होतो, त्यातून वीज गळते आणि तांबं हिरवं पडतं. मशीन चालू असताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम, त्यामुळे तुलनेने कोरडी राहते. धोका बंद मशीनला जास्त, म्हणून पावसाळ्यात ते रोज तासभर तरी चालू ठेवा. घर कुलूपबंद राहणार असेल तर पूर्ण कॅबिनेट जाड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून हवाबंद करा. भोकं असलेल्या कॅबिनेटमध्ये नुसत्या पुड्या टाकून काही होत नाही, त्या थोड्याच वेळात भरून जातात. गणपतीत घर उघडल्यावर लगेच बटण दाबू नका. बाजूचे पत्रे काढून दिवसभर टेबलफॅनसमोर ठेवा, मगच सुरू करा.

पंख्यांचं गणित

पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि हवा निम्मी होते. सारखे दोन पंखे लावले की आवाज ३ डेसिबलने वाढतो आणि हवा दुप्पट होते. म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी ६०० फेऱ्यांचे दोन लावले, तर हवा जवळपास तेवढीच राहते आणि आवाज सुमारे १२ डेसिबलने कमी होतो. एवढा फरक कुठलाही स्पंज देत नाही.

पुढे १४० मिमीचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे १२० मिमीचा एक बाहेर टाकणारा, एवढं बहुतेक मशीनना पुरतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा. मग उरलेली हवा फटींतून बाहेर पडते आणि जांभ्याची लाल धूळ फिल्टरशिवाय दुसरीकडून आत शिरत नाही. पंखे चार पिनांचे, फ्लुइड बेअरिंगचे घ्या. स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल उष्णतेने लवकर सुकतं आणि पंखा करकरायला लागतो.

तयार घ्यायचं असेल तर

पुढची बाजू जाळीची आहे का आणि फिल्टर कॅबिनेट न हलवता समोरून निघतो का, हे आधी बघा. तळाचा फिल्टर मागून ओढावा लागत असेल तर तो कधीच धुतला जात नाही. बी क्वायट कंपनीच्या सायलेंट बेस ८०२ सोबत पुढचं आणि वरचं झाकण दोन प्रकारचं येतं, बंद आणि जाळीचं. फ्रॅक्टल डिझाइनच्या डिफाइन ७ चं वरचं झाकणही असंच बदलता येतं. इथे दोन्हींत जाळीचं लावा. प्रोसेसरवरच्या कुलरची उंची मोजूनच कॅबिनेट निवडा, कारण सावकाश पंख्यावर चालणारे मोठे कुलर १५५ ते १६५ मिमी उंच असतात आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये बाजूचा पत्रा त्यांना टेकतो. कापलेल्या कडांना रंग आहे का, तेही बोटाने तपासा. गंज तिथूनच सुरू होतो.

स्वतः बांधायचं असेल तर

आमच्या मते किनाऱ्यावर हाच मार्ग चांगला. पत्र्याचं एक कॅबिनेट गंजलं की सगळं टाकावं लागतं, चौकटीचं असेल तर खराब झालेला भाग तेवढा बदलता येतो.

चौकट २० × २० मिमीच्या खाचा असलेल्या अॅल्युमिनियम प्रोफाइलची करा. बाहेरून उंची ४००, रुंदी २२०, खोली ४२० मिमी. यात २४४ × २४४ मिमीचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, १६० मिमीचा कुलर, नेहमीच्या मापाचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि ३३० मिमीपर्यंतचं ग्राफिक्स कार्ड बसतं. तुकडे असे कापा: ४०० मिमीचे चार, १८० मिमीचे चार, ३८० मिमीचे सहा. त्या सहांतले दोन बोर्डाच्या ट्रेला, म्हणजे बोर्ड ज्यावर बसतो त्या पत्र्याला, आधार देणारे आडवे. एकूण ४.६ मीटर होतं, कापण्यातली घट धरून ५ मीटर घ्या. कोपऱ्यांना आणि आडव्यांना मिळून २० ब्रॅकेट, ५ मिमीचे ६० बोल्ट आणि टी-नट (प्रोफाइलच्या खाचेत बसणारे नट), वर दहा जास्त. प्रोफाइल ऑनलाइन मागवावं लागतं, पण ते काटकोनात कापून स्लायडिंग खिडक्या करणारा कोणीही देईल. त्याच्याकडे अॅल्युमिनियमसाठीची कटर असते. हॅक्सॉने कापलेलं टोक वाकडं येतं आणि मग चौकट कधीच सरळ बसत नाही.

बोल्ट स्टेनलेस ३०४ चे घ्या, घर अगदी वाळूला लागून असेल तर ३१६ चे. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम झिजतं, खाचेत पांढरी भुकटी जमते आणि बोल्ट निघेनासा होतो. प्रत्येक बोल्टाच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावा, डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला. साधे झिंक प्लेटिंगचे बोल्ट स्वस्त पडतात, पण इथे फार लवकर तांबूस होतात.

चौकट अर्धवट आवळून प्रत्येक बाजूचे दोन्ही कर्ण मोजा. फरक १ मिमीच्या आत आला की पूर्ण आवळा. तिरकी राहिली तर पॅनेल ताणून बसतं आणि पुढे तेच गुणगुणतं.

ट्रे नवीन बनवू नका. भंगारवाल्याकडून जुनं कॅबिनेट आणा, बोर्डाचा ट्रे आणि मागची भिंत एकमेकांपासून न तोडता एकत्रच ग्राइंडरने कापून घ्या. मागची चौकोनी खिडकी १५८.७५ × ४४.४५ मिमीची असते, कार्डांच्या खाचा २०.३२ मिमी अंतरावर असतात. हाताने ती मापं जुळवताना कार्ड हमखास तिरकं बसतं. कापलेल्या कडा घासून झिंक प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या. हा ट्रे आडव्या प्रोफाइलवर ५ मिमी जाडीच्या रबरी वॉशरवर बसवा, थरथर चौकटीत उतरत नाही. बोर्डाला जिथे भोक नाही तिथला पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकतो तो छोटा खांब) काढून टाका. तो राहिला तर बोर्ड खालून शॉर्ट होतो.

पॅनेलसाठी दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडून ३ मिमीची एसीपी शीट घ्या. दोन पातळ अॅल्युमिनियमच्या मधे प्लास्टिकचा थर असल्याने ती गंजत नाही आणि पत्र्यासारखी वाजत नाही. बाजूची दोन ४२० × ४००, वरखाली दोन ४२० × २२०, पुढचं ४०० × २२०. पॅनेल आणि प्रोफाइलच्या मधे खिडकीच्या काचेला लावतात ती रबर बीडिंग घाला. ती खडखड थांबवते आणि मुंग्यांची वाटही बंद करते. लाकूडच हवं असेल तर फक्त आयएस ७१० चा मरीन प्लाय, सहाही बाजू पॉलिश करून. साधा प्लाय फुगतो आणि वाळवी धरते.

पुढच्या पॅनेलला १३४ मिमी व्यासाची दोन भोकं जिगसॉने काढा. १४० मिमीच्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १२४.५ मिमी असतं, १२० मिमीच्या पंख्याला १०५. पंखे रबरी पिनांवर टांगा. फिल्टरची चौकट पंख्यापासून १५ ते २० मिमी पुढे ठेवा. जाळी पात्यांना चिकटून असली की हवा फाटते आणि घूं असा आवाज येतो, वेग कितीही कमी करा. मच्छरदाणीची जाळी पाली आणि झुरळांना अडवते, धुळीला नाही, म्हणून तिच्या आत बारीक नायलॉनची जाळी हवीच. फिल्टरचे दोन संच करा. पावसात धुतलेला फिल्टर दोन दोन दिवस वाळत नाही आणि ओला लावणं चुकीचं.

अर्थिंग, हे टाळू नका

एसीपी रंगवलेली असते, ट्रे रबरावर असतो, त्यामुळे धातूचे भाग एकमेकांना जोडलेले नसतात. एसएमपीएसच्या एका स्क्रूपासून ट्रेला आणि तिथून चौकटीला १.५ चौरस मिमीची हिरवी वायर न्या. टोकाखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर लावा. मग पॉवर केबल प्लगमधून काढून तिच्या अर्थ पिनपासून ट्रेपर्यंत मल्टिमीटरने मोजा, १ ओहमच्या आत यायला हवं. घराचं अर्थिंगच नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे धातूवर सुमारे ११५ व्होल्ट दिसतात आणि हाताला झिणझिण्या येतात. जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्याला अधूनमधून पाणी घाला.

वेग लावणं आणि आवाज शोधणं

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, प्रोसेसर ६० अंशांपर्यंत असताना कॅबिनेटचे पंखे ५०० ते ६०० फेऱ्यांवर स्थिर ठेवा, तिथून ८० अंशांपर्यंत हळूहळू १००० वर न्या. वेग बदलण्याचा विलंब काही सेकंदांचा ठेवा. सतत वरखाली होणारा आवाज स्थिर आवाजापेक्षा जास्त टोचतो. फार खालीही जाऊ नका, धूळ बसलेला पंखा फार कमी वेगावर सुरूच होत नाही.

तरीही आवाज येत असेल तर रात्री, छताचा पंखा बंद करून शोधा. मोबाइलची डेसिबल अॅपं इतक्या कमी आवाजाला उपयोगी नाहीत. एकेका पंख्याची पिन काढून ऐका. तळहात पॅनेलवर दाबल्यावर आवाज बदलला तर थरथर तिथे आहे, बीडिंग तपासा. खोल, एकसुरी घरघर ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची असते, तिचा सूर १२० हर्ट्झचा. ती काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) लावणं हाच खरा उपाय.

एसएसडी हाताने निघेल अशा जागी बसवा, शक्यतो पुढच्या पॅनेलच्या मागे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हासारखी वेळ आली तर कॅबिनेट उचलणं जमेलच असं नाही, एसएसडी खिशात घेऊन निघता येतं. एरवीही कॅबिनेट जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा आणि पश्चिमेच्या खिडकीच्या वाऱ्यात ठेवू नका.

फिल्टर उन्हाळ्यात पंधरवड्याने झटका, पावसाळ्यात महिन्याने गोड्या पाण्याने धुवा. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास सगळी पॅनेलं काढून, प्लग काढलेला असताना, बोर्ड मऊ ब्रशने आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॅम आणि कार्डाचे सोनेरी संपर्कही पुसून घ्या. बोल्टांना त्याच वेळी पुन्हा ग्रीस लावा आणि जो पांढरा पडलेला दिसेल तो बदलून टाका.