महागडं डायव्ह वॉच निवडताय? या चुका टाळा

‘रोलेक्सचं सबमरिनर घेऊ की ओमेगाचं सीमास्टर?’ डायव्ह वॉचबद्दलचा, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी बनवलेल्या घड्याळांबद्दलचा, हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. मी उलट विचारतो, ‘दोन्ही हातात घालून पाहिलीस का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. व्हिडिओ मात्र ढीगभर पाहून झालेले असतात, मशीनचा नंबर तोंडपाठ असतो, एकदा पूर्ण चावी दिल्यावर घड्याळ 70 तास चालतं की 55 यावर वाद घालायची तयारी असते. साडी घेताना अर्धं दुकान उलगडायला लावणारी आपली माणसं काही लाखांचं घड्याळ फोटोवरून कशी ठरवतात, हे मला खरंच समजत नाही. सोळा वर्षं घड्याळं जमवतोय, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहतोय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

व्यास पाहून घड्याळ घेणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. केसचा, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीचा, व्यास किती मिलिमीटर, हे सगळे विचारतात. पण घड्याळ मनगटावर टेकतं ते पट्टा अडकवायच्या चार टोकांवर, ज्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त झाली, की घड्याळ दोन्हीकडून बाहेर येणार. मग व्यास काहीही असो. ट्यूडरचं ब्लॅक बे फिफ्टी-एट 39 मिमीचं आहे आणि 2020 पासूनचं रोलेक्स सबमरिनर 41 मिमीचं. कागदावर दोन मिलिमीटरचा फरक दिसतो, पण लगपासून लगपर्यंत दोन्ही 48 मिमीच्या आसपासच आहेत. ओमेगाचं सीमास्टर डायव्हर 300एम 42 मिमीचं, आणि लांबीला 50 च्या जवळ. त्यात जाडीचा हिशेब वेगळा. फिफ्टी-एट 11.9 मिमी जाड आहे, सीमास्टर साडेतेराच्या घरात. हा दीड मिलिमीटर बोटांना कळत नाही, शर्टाच्या बाहीला लगेच कळतो.

मी हे पैसे मोजून शिकलो. 2017 साली दुबईत एका बुटीकमध्ये 45 मिमीचं एक डायव्ह वॉच पाहिलं. माझं मनगट साडेसोळा सेंटिमीटरचं, म्हणजे बारीकच. पण थंडगार खोली, मंद दिवे, मखमली ट्रे आणि समोर अदबीने उभा असलेला माणूस. दहा मिनिटांत कार्ड काढलं. मुंबईला उतरल्यावर रेड चॅनलला जाऊन कर भरला आणि आनंदाने पुण्याला आलो. पहिल्याच सोमवारी बाहीचं बटण लागेना. स्कूटर चालवताना मनगट मागे वाकलं की चावीचं बोंड हाताच्या पाठीत रुतायचं. संध्याकाळपर्यंत तिथे लाल वण उठायचा. पट्टा सैल केला तर घड्याळाचं डोकं जड असल्यामुळे ते करंगळीच्या बाजूला घसरायचं, घट्ट केला तर मे महिन्याच्या उकाड्यात हात सुजल्यासारखा वाटायचा. मी त्याला रबराचा पट्टा लावला, कापडी पट्टा लावला, उजव्या हातातही घालून पाहिलं. अकरा महिन्यांत जेमतेम वीस वेळा घातलं असेल. विकलं तेव्हा घेतलेल्या किमतीतले तेहतीस टक्के बुडाले होते. घड्याळात काडीचाही दोष नव्हता. माझ्या हाताचं ते नव्हतंच.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे: पहिल्या भेटीत घड्याळ घ्यायचं नाही. दुकानात दोनदा जायचं. त्यातली एक भेट दुपारी, उन्हातून चालत, कारण आपल्या हवेत दुपारचं मनगट सकाळपेक्षा फुगलेलं असतं. फुलबाह्यांचा शर्ट घालून जायचं. घड्याळ अर्धा तास हातात ठेवायचं, टेबलावर हात टेकून काहीतरी लिहायचं, आणि आरशात लांबून पाहायचं. मनगटाचा मोबाइलवर जवळून काढलेला फोटो घड्याळ आहे त्यापेक्षा मोठं दाखवतो, त्यावर विसंबू नका. दुकान लांब असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लगपासून लगपर्यंतच्या लांबीचा कापून मनगटावर ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. तरी कोणी करत नाही, कारण सगळ्यांना आजच हवं असतं.

खोलीचा आकडा म्हणजे दर्जा समजणं

घड्याळ पाण्यात किती खोलवर टिकेल, त्याचा हा आकडा. रोलेक्सचीच तीन घ्या: सबमरिनर 300 मीटर, सी-ड्वेलर 1220 मीटर, डीपसी 3900 मीटर. म्हणजे डीपसी तेरा पट चांगलं, असं नाही. हौशी स्कूबाची मर्यादा 40 मीटर मानतात. तारकर्लीला पहिल्यांदा उतरणाऱ्याला दहा मीटरच्या आसपासच नेतात. खोली वाढवायची म्हणजे काच आणि मागचं झाकण जाड करायचं, आणि ती जाडी तुम्ही ऑफिसात वागवणार. 1953 साली ब्लाँपाँ या स्विस कंपनीने फिफ्टी फॅदम्स हे डायव्ह वॉच आणलं, त्याच्या नावातले पन्नास फॅदम (समुद्राची खोली मोजायचं जुनं माप) म्हणजे जेमतेम 91 मीटर. रॉबर्ट मालुबिए आणि क्लोद रिफो यांच्या फ्रेंच नौदलाच्या, पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांच्या तुकडीला तेवढं पुरलं. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख झाँ-जाक फिश्तर स्वतः पाण्यात उतरायचे आणि एकदा वेळेचं भान सुटून हवा संपेपर्यंत खाली राहिले होते. म्हणून त्यांनी डोकं लावलं ते चुकून न फिरणाऱ्या बेझलवर (काचेभोवतीची, पाण्याखाली गेलेला वेळ मोजायची फिरती कडी) आणि अंधारात वाचता येणाऱ्या तबकडीवर.

हीलियम व्हॉल्व्हसाठी जादा पैसे मोजणाऱ्यांनाही हेच सांगणं. समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडे कित्येक दिवस दाबाखालच्या बंद खोलीत हीलियम मिसळलेल्या हवेत राहतात. तो वायू घड्याळात शिरतो आणि दाब उतरवताना आतून काच उडवू शकतो. तो व्हॉल्व्ह त्यांच्यासाठी आहे. तुम्ही तिथे कामाला नसाल तर तो असला काय, नसला काय.

‘300 मीटरचं आहे, काही होत नाही’

माझा दुसरा घायकुतीला आणणारा विषय हा.

माझ्या एका जवळच्या मित्राने चार-पाच वर्षांपूर्वी एक सेकंडहँड डायव्ह वॉच घेतलं. बॉक्स होता, पेपर होते, विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, ‘साहेब, 300 मीटर!’ मी म्हटलं, एकदा दाबाची चाचणी करून घे. ‘करू रे पुढच्या महिन्यात,’ म्हणाला. पुढच्या महिन्यात आम्ही सगळे तारकर्लीला गेलो. सकाळी न्याहारीच्या वेळी त्याने तारीख लावली, चावी आत ढकलली, आणि ती स्क्रूसारखी फिरवून घट्ट करायची विसरला. तसाच पाण्यात उतरला. वर आला तेव्हा काचेच्या आतून धुकं होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता कोणाकडे तरी नेऊ या, मालवणात नाही तर कोल्हापुरात. त्याने घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि आम्ही ठरल्याप्रमाणे दोन दिवस राहिलो. पुण्याला येऊन घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं, तेव्हा मशीनवर तांबूस गंज चढला होता आणि काट्यांच्या कडांना पांढरे फुटवे आले होते. त्यांनी भिंगातून पाहिलं, भिंग डोळ्यावरून काढलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. चावीची रबरी रिंगही कडक होऊन चिरलेली निघाली. म्हणजे स्क्रू घट्ट केला असता तरी भरवसा नव्हताच.

खोलीचा आकडा नव्या घड्याळाचा असतो. रबरी रिंगा वाळतात, आणि ज्याने मधे कुणाकडून तरी झाकण उघडून घेतलंय त्याच्या घड्याळाचं तर काहीच सांगता येत नाही. आयएसओ 6425 या डायव्ह वॉचच्या मानकात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीपेक्षा 25 टक्के जास्त दाबाला तपासावं लागतं, पण ते कारखान्यातून निघताना. दहा वर्षांनंतरची जबाबदारी तुमची. मी दरवर्षी मेमध्ये, पावसाच्या आधी, पाण्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक घड्याळाची चाचणी करून घेतो. पाण्याजवळ जाण्याआधी चावी बोटाने फिरवून पाहतो. घट्ट करताना आधी किंचित उलटी फिरवतो, आटे जुळल्याचं बोटाला जाणवलं की मगच सुलटी. घाईने सुलटी दाबून फिरवली तर आटे मारले जातात, आणि तो खर्च निव्वळ अधीरपणाचा. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याखाली धरून बेझल दोनदा पूर्ण फिरवायची, म्हणजे खालची वाळू आणि मीठ निघून जातं. गरम शॉवर आणि वाफ नकोच. आणि खारं पाणी आत गेलंच, तर तांदूळ नाही, हेअर ड्रायर नाही. त्याच दिवशी घड्याळजींकडे.

रांग नको म्हणून जास्त पैसे मोजणं

मागणी जास्त असलेल्या घड्याळांसाठी अधिकृत दुकानात नाव नोंदवून थांबावं लागतं, ती ही रांग. 2021 मध्ये आणि 2022 च्या सुरुवातीला स्टीलच्या स्पोर्ट्स घड्याळांचे खुल्या बाजारातले भाव वेड्यासारखे चढले आणि त्यानंतर घसरले. तेव्हा ‘गुंतवणूक’ म्हणून छापील किमतीच्या कितीतरी वर पैसे मोजणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. घड्याळ म्हणून त्यांना ते आवडतही नव्हतं. नको असलेले दागिने किंवा दुसरी घड्याळं घेऊन रांगेत पुढे सरकणं हाही तसलाच प्रकार. मला तो अजिबात पटत नाही. थांबा, किंवा दुसरं घड्याळ घ्या. रांग नसलेली उत्तम डायव्ह वॉचेस भरपूर आहेत.

बिलाशिवाय रोखीत देतो म्हणणाऱ्याकडून उठून या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला कायद्यानेच बंदी आहे. दहा लाखांवरच्या घड्याळावर 22 एप्रिल 2025 पासून 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा कर, लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यामुळे तेवढ्यासाठी बिल टाळण्यात काहीच शहाणपणा नाही.

जुनं घेताना

चकचकीत जुनं घड्याळ म्हणजे बहुधा घासलेलं घड्याळ. लगच्या कडा गोलसर झाल्या असतील, दोन बाजूंचे लग सारख्या जाडीचे नसतील, तर तो धातू परत येत नाही. ओरखडे असलेलं घ्या. दुसरं, तबकडीच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ असेल तर त्यावर ट्रिशियम, म्हणजे अंधारात चमक देणारा किरणोत्सारी पदार्थ, आहे. ट्रिशियमचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, म्हणजे 1980 च्या आसपासची तबकडी आज अंधारात चमकायलाच नको. लख्ख चमकली तर कुणीतरी नवा रंग भरलाय, आणि किंमत त्या हिशेबाने खाली यायला हवी.

बाकीच्या गोष्टी एकेका ओळीच्या. पावसाळ्यात डायव्ह वॉचला चामड्याचा पट्टा लावू नका, बुरशी येते आणि वास जात नाही. घड्याळ अचानक रोज काही मिनिटं पुढे जायला लागलं तर सर्व्हिसला टाकण्याआधी चुंबकत्व तपासून घ्या, टॅबलेटच्या कव्हरातलं चुंबकही पुरतं. बेझलचा ठिपका बारावर नीट येतो का, हे दुकानातच पाहा. घरी येऊन दिसलं की कायम तेवढंच दिसत राहतं.

तीनही एकसारखी

माझ्या भाच्याने गेल्या दिवाळीत तीन फोटो पाठवले, सबमरिनर, ब्लॅक बे फिफ्टी-एट आणि सीमास्टर. ‘मामा, दोन वर्षांत तिन्ही घ्यायची आहेत. आधी कुठलं?’ तिन्ही स्टीलची, तिन्ही काळ्या तबकडीची, तिन्हींची बेझल काळी. मी म्हटलं, तू एकच घड्याळ तीन वेळा घेतोयस. यातलं जे उरेल ते उरेल, बाकीची दोन कपाटात पडून राहतील. हे मी इतक्या संग्रहांत पाहिलंय की आता फोटो पाहूनच सांगता येतं, कुठलं विकायला निघणार.

दोघांतून एक निवडताना मी मशीनकडे शेवटी पाहतो. आधी पाहतो ते क्लास्प, म्हणजे पट्टा बंद करायची पकड. आपल्याकडच्या दमट हवेत मनगट दिवसातून दोनदा तरी फुगतं आणि उतरतं, आणि सबमरिनरची ग्लाइडलॉक बिनहत्याराने 20 मिमीपर्यंत सैल-घट्ट होते. रोज घालणाऱ्याला याचं मोल सबमरिनर या नावाच्या मोलाहून जास्त आहे. स्टीलचं वजन नको असेल तर टायटॅनियमचं ट्यूडर पेलागोस पाहावं, हलकं आणि खरं कामाचं. चुंबकाशी रोजचा संबंध असेल तर 15,000 गॉसला (गॉस हे चुंबकी क्षेत्राच्या ताकदीचं एकक) तपासलेलं सीमास्टर. लहानपणापासून फिफ्टी फॅदम्सच्या सॅफायर काचेच्या फुगीर बेझलवर जीव असेल, आणि मनगट 45 मिमी पेलत नसेल, तर आता ते 42 मध्येही मिळतं, त्यासाठी पैसे साठवा आणि मधे दुसरं काही घेऊ नका. दुसरं घड्याळ पहिल्यापेक्षा रंगाने, वजनाने किंवा धातूने तरी वेगळं हवं.

भाचा चार महिने थांबला. दुकानात तीनदा गेला, एकदा मला घेऊन. शेवटी निळं फिफ्टी-एट घेतलं, जे त्याच्या यादीत नव्हतंच. ब्रेसलेट त्याच्या मापाचं करून घेताना दुकानदाराने काढलेल्या दोन कड्या काउंटरवरच राहिल्या होत्या. त्या मी मागून घेतल्या आणि त्याच्या खिशात घातल्या. त्या कड्या जपून ठेवा, विकताना पहिल्यांदा त्यांचीच विचारणा होते.