मनगटावरची गाठ: घाईत होणाऱ्या या चुका टाळा

मनगटाच्या मागच्या बाजूला द्राक्षाएवढी गोल गाठ दिसली, की घरातले निम्मे लोक 'हाड वाढले' म्हणतात आणि उरलेले मनातल्या मनात कॅन्सरपर्यंत पोहोचतात. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकतात. सांध्याच्या आवरणातून किंवा कंडरेभोवतीच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाभोवतीच्या) वेष्टनातून बाहेर आलेली, दाट पारदर्शक द्रवाने भरलेली ही पिशवी म्हणजे गँगलिऑन सिस्ट असते. ती कॅन्सरची नसते आणि पुढेही कॅन्सरमध्ये बदलत नाही.

सर्वांत जुनी चूक म्हणजे गाठ जाड पुस्तकाने ठेचणे किंवा अंगठ्याने दाबून फोडणे. अशाने द्रव आजूबाजूला पसरतो आणि गाठ गेल्यासारखी वाटते. परंतु सांध्याशी जोडलेला तिचा देठ तसाच राहत असल्यामुळे ती पुन्हा भरू शकते, आणि मनगटाच्या लहान हाडांना इजा झाली तर ते दुखणे वेगळेच. घरच्या सुईने टोचणे तर त्याहून घातक, कारण जंतू थेट सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत गाठ असेल, तर आपण नाडी पाहतो ती धमनी तिला लगटूनच असते. उतारवयात नखाजवळच्या सांध्यावर येणाऱ्या गाठीवरची त्वचा पातळ असते, म्हणून ती फोडण्याचा मोह विशेष टाळावा.

लेपांचे आणि तेलांचे श्रेय मात्र जरा तपासून घ्यावे. हाताला काम पडले की ही गाठ फुगते आणि विश्रांती मिळाली की लहान होते. आठवडाभर लेप लावून हात जपला, तर गुण लेपाचा की विश्रांतीचा, हे कोण सांगणार? शिवाय सुमारे निम्म्या गाठी कालांतराने आपोआप जिरतात, त्यामुळे न दुखणाऱ्या गाठीसाठी शस्त्रक्रियेची घाई करणे हीसुद्धा चूकच ठरते. दुखत असेल तर डॉक्टर काही काळ मनगटाला पट्टा वापरायला सांगतात. तो महिनोन्महिने बांधून ठेवल्यास स्नायू अशक्त होतात.

सुईने द्रव काढल्यावर 'आता कायमचे संपले' असे समजू नये, कारण त्यानंतर निम्म्या किंवा त्याहून अधिक गाठी परत येतात. शस्त्रक्रियेत देठासह आवरणाचा छोटा भाग काढतात, म्हणून ती परतण्याचे प्रमाण बरेच कमी असते, तरी शून्य नसते. व्रण राहतो आणि काही आठवडे मनगट आखडते, हे आधीच विचारून घ्यावे.

याउलट, प्रत्येक गाठीला गँगलिऑन समजून स्वस्थ बसणेही बरोबर नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेकवल्यावर ही गाठ आतून लालसर उजळते, पण एवढ्यावर निदान पक्के होत नाही. गाठ झपाट्याने वाढत असेल, लाल व गरम झाली असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा पकड सैल पडत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवून गरजेप्रमाणे सोनोग्राफी करून घ्यावी. काही वेळा तर गाठ दिसतच नाही. सूर्यनमस्कारात तळहातांवर भार आला की तेवढे मनगट दुखते, आणि आत दडलेले गँगलिऑन सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्येच सापडते.